घाट चढणारी मालगाडी: कसारा आणि बोरघाटात फोटो कसे काढावेत

मालगाडीचा फोटो काढायचा म्हटले की बहुतेक जण इंजिनाचा फोटो काढून परततात. सपाटीवर ते चालून जाते. घाटात मात्र खरा विषय इंजिन नसून वजन असते. सपाटीवर एकटे इंजिन जो रेक (जोडलेल्या वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, अख्खी रांग) ओढत आणते, तोच रेक घाट चढवायला मागे दोन-तीन इंजिने लावावी लागतात आणि तरीही गाडी सायकलच्या वेगाने वर जाते. हे जड चढणे फोटोत दिसले नाही, तर तो फोटो भुसावळच्या यार्डात काढला काय आणि कसाऱ्याच्या दरीत काढला काय, फरक उरत नाही. खाली जे काही सांगितले आहे ते याच एका हेतूने.

मुंबईकडून देशावर जायला मध्य रेल्वेचे दोन घाट आहेत. कर्जत ते लोणावळा हा बोरघाट, १८६३ साली खुला झालेला. कसारा ते इगतपुरी हा थळघाट, लोकांच्या तोंडी कसारा घाट. तो १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. दोन्हीकडे चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. ५८ वाघिणींचा रेक इंजिनांसकट साधारण ६५० मीटर लांब भरतो. हिशेब केला तर तो पूर्ण चढावर असताना पुढचे इंजिन शेवटच्या वाघिणीपेक्षा १७ मीटर वर असते, पाच मजली इमारतीएवढे. हा आकडा डोक्यात ठेवूनच जागा शोधायची.

आधी गाडीची दिशा समजून घ्या

नवख्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. रेल्वेच्या भाषेत मुंबईपासून दूर जाणारी गाडी ‘डाउन’ आणि मुंबईकडे येणारी ‘अप’. त्यामुळे घाट चढणारी गाडी डाउन असते आणि उतरणारी अप. स्टेशनवरची घोषणा ऐकून किंवा कर्मचाऱ्याला विचारून ‘अप येतेय’ म्हणून चढणाऱ्या गाडीची वाट बघत बसाल, तर समोरून ब्रेक आवळत उतरणारी गाडी येईल. शिवाय दोन्ही घाटांत अप आणि डाउनबरोबर तिसरी, मधली लाइनही आहे आणि तिच्यावर गाड्या दोन्ही दिशांनी धावतात. कोणत्या लाइनीवरून काय येते, हे पोहोचल्यावर पहिला अर्धा तास कॅमेरा न काढता नुसते बघावे.

चढणाऱ्या मालगाडीचा क्रम ठरलेला आहे. कसाऱ्याला किंवा कर्जतला ती थांबते. मागून ढकलणारी ‘बँकर’ इंजिने हळूहळू येऊन गार्डच्या डब्याला टेकतात, जोडली जातात, ब्रेकची तपासणी होते, पुढचा आणि मागचा लोको पायलट एकमेकांना इशारा देतात आणि गाडी निघते. वर इगतपुरीला किंवा लोणावळ्याला बँकर सुटतात आणि बहुतेकदा एकमेकांना जोडूनच रिकामे खाली येतात. त्या रिकाम्या बँकरांची जोडी किंवा तिकडी उतरताना दिसली, की ओळखावे: खाली कोणी तरी त्यांची वाट बघत आहे किंवा लवकरच बघणार आहे. मालगाडी येणार असल्याची याहून भरवशाची खूण मला माहीत नाही.

मालगाड्यांचे वेळापत्रक प्रवाशांसाठी जाहीर होत नाही. प्रवासी गाड्या कुठे आहेत हे रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर दिसते, आणि तिथूनच उलटा अंदाज बांधता येतो. दोन-तीन मेल-एक्स्प्रेस एका पाठोपाठ असतील, तर मालगाडीला बाजूला उभे राहावे लागते. त्या निघून गेल्या आणि पुढे तास-दीड तास काही नाही, तर तिची पाळी येते. कसाऱ्याला बँकर कुठे उभे आहेत, त्यात माणसे आहेत का, पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारी छतावरची चौकट) वर आहे की खाली, हेही बघा. पेंटोग्राफ खाली असलेले इंजिन इतक्यात हलत नाही. खुशाल चहा प्यायला जा.

उतरणाऱ्या गाड्यांची गंमत वेगळी. त्यांच्यासाठी घाटात कॅच सायडिंग आहेत. उतारावर ब्रेक हाती लागला नाही, तर गाडी मुख्य मार्गावर न सुटता चढाच्या आडमार्गावर जाऊन थांबावी, ही त्यामागची योजना. म्हणून उतरणारी गाडी ठरावीक जागी पूर्ण थांबते आणि मग पुढचा मार्ग मिळतो. फोटोवाल्याच्या दृष्टीने ही मिळालेली सवलतच: थांबलेल्या गाडीवर रचना नीट बसवता येते आणि ती हलली की पहिल्या वाघिणीपासून शेवटच्या वाघिणीपर्यंत कपलिंग ताणल्याचा खडखडाट ऐकू येतो. व्हिडिओ करणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी वेगळा माइक आणि त्यावर वारा अडवणारे फर न्यावे.

उभे कुठे राहायचे

रुळांवर नाही, रुळांच्या कडेने नाही, बोगद्याच्या तोंडाशी तर नाहीच. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी घाटात बोगद्यातून येणारी गाडी ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो, कारण उतरणारी इंजिने फारसा आवाज करत नाहीत आणि चढणाऱ्या गाडीच्या गोंगाटात ती बुडून जातात. समाजमाध्यमांवर रुळांच्या मधोमध उभे राहून काढलेले फोटो दिसतात. त्यांची नक्कल करू नका. तसे पाहिले तर ते फोटोही सामान्यच असतात, कारण तिथून चढ दिसतच नाही.

कायदेशीर जागांमध्ये पहिली म्हणजे स्टेशने. कसारा हे लोकलचे शेवटचे स्टेशन, मुंबईहून १२१ किलोमीटर. तिकीट काढून प्लॅटफॉर्मवर थांबता येते. चढणाऱ्या मालगाडीला बँकर मुंबईच्या बाजूने लागतात, त्यामुळे प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाला उभे राहा. उतरता भाग सुरू होतो तिथे थांबायचे, पुढे जायचे नाही. आधी स्टेशन मास्तरांना किंवा ड्यूटीवरच्या आरपीएफ जवानाला भेटून ‘छंद म्हणून गाड्यांचे फोटो काढतो’ एवढे सांगावे. कोणी हटकले तर वाद न घालता कॅमेरा पिशवीत. मोठा ट्रायपॉड काढला की प्रश्न वाढतात, तो स्टेशनवर नेऊच नये.

दुसरी जागा म्हणजे कसारा घाटातला रस्ता आणि त्याच्या आसपासच्या वाड्या-टेकड्या. ऐन वळणावर गाडी उभी करून कठड्याला टेकणारे लोक मी पाहिले आहेत. मागून ब्रेक तापलेला ट्रक येत असतो याचे भान त्यांना नसते. रुंद जागा बघून गाडी पूर्ण बाहेर घ्या आणि पुढे चालत जा. या घाटातले सर्वात देखणे बांधकाम म्हणजे एहेगावचा पूल, दरीच्या तळापासून ५५ मीटरांहून उंच आणि सुमारे २३० मीटर लांब. पूर्ण पूल एका चौकटीत हवा असेल तर दरीच्या पलीकडची उंच जागा आणि लांब पल्ल्याची लेन्स लागते. वाटा शेतांतून जातात. ‘दादा, लाइन कुठून दिसते?’ एवढे वाडीत विचारले की वाटही कळते आणि ती कोणाच्या खाचरातून जाते हेही. भात उभे असेल तर बांधावरूनच चाला.

तिसरी जागा इगतपुरीच्या बाजूला. घाटनदेवी मंदिराच्या परिसरातून दरीचा मोठा पट्टा उघडतो. तिथून गाडी लहान दिसते, पण सह्याद्री पूर्ण दिसतो, आणि मला विचाराल तर वर्षातून एक तरी फोटो असा हवा ज्यात गाडी शोधावी लागते.

बोरघाटात कर्जत आणि लोणावळा ही दोन स्टेशने आहेतच. खोपोली लोकलने पळसदरीला उतरले तर जवळच्या टेकाडांवरून मुख्य मार्ग चढायला लागतो तो भाग पाहता येतो. वरच्या टोकाला खंडाळ्याच्या आसपासचे पॉइंट आहेत. कुरवंडे गावातून नागफणीवर चढले तर घाटाचा पसारा खाली दिसतो, मात्र अंतर मोठे आहे. ३०० मिलिमीटरपेक्षा कमी लेन्स घेऊन गेलात तर डोंगराचे फोटो घेऊन याल. ठाकूरवाडी, मंकी हिल, नागनाथ ही नावे ऐकून तिथे जायचा मोह होतो. ती रेल्वेच्या कामाची ठिकाणे आहेत. जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून पाहावीत.

खिडकी हीही एक जागाच आहे. दिवसाच्या गाडीत बसून घाट एकदा नुसता पाहण्यासाठी चढावा आणि एकदा उतरावा. कोणत्या बोगद्यानंतर दरी कोणत्या बाजूला येते, कुठे दोन लाइन वरखाली दिसतात, बाहेरून दिसणारी कोणती टेकडी उभे राहायला बरी, हे वहीत लिहून घ्या. नकाशावर तास घालवून जे कळत नाही ते या एका फेरीत कळते. दारात लटकून मात्र नको.

ऊन कुठून येते

इथे दोन घाटांचा स्वभाव वेगळा आहे. कसाऱ्याहून इगतपुरीकडे जाणारा मार्ग ढोबळमानाने पूर्व-ईशान्येला जातो. त्यामुळे चढणाऱ्या गाडीच्या तोंडावर सकाळचे ऊन पडते. पण सूर्य सह्याद्रीच्या धारेमागून वर यायचा असतो, म्हणून दरीतला भाग आठ-नऊ वाजेपर्यंत सावलीतच राहतो. पहाटे पाचला निघून पोहोचण्यात फार अर्थ नाही. दुपार कलली की चित्र उलटते. आता उतरणाऱ्या गाडीचे तोंड उजळते, आणि त्याचबरोबर चढणाऱ्या गाडीची शेपटी. म्हणजे ढकलणाऱ्या बँकरांचे फोटो दुपारी तीननंतर. सकाळी पुढची बाजू, दुपारी मागची, एवढे पक्के केले की दिवसाचा अर्धा आराखडा झाला.

बोरघाट कर्जतहून दक्षिण-आग्नेयेला चढतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे चढणाऱ्या गाडीचे तोंड जवळजवळ दिवसभर उजेडात असते. फक्त सकाळी एक कूस उजळते आणि दुपारी दुसरी. बँकरांचे तोंड मात्र उत्तर-वायव्येला. त्यांच्यावर थेट ऊन उन्हाळ्यातल्या संध्याकाळीच येते. बोरघाटात बँकर टिपायचे असतील तर सरळ ढगाळ दिवस निवडावा. घाट वळणावळणाचा आहे, प्रत्येक वळणाला हा हिशेब थोडा बदलतो, तेव्हा जागेवर होकायंत्र लावून बघा.

महिन्यांत माझी पसंती ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतच्या दिवसांना. पावसाने हवा धुतलेली असते, गवत सोनेरी होते, झाडी अजून हिरवी असते. फेब्रुवारीनंतर धुरकट हवा आणि वणव्यांनी काळे पडलेले डोंगर. मार्च ते मे भर दुपारी लांब लेन्स वापरूच नये: तापलेल्या खडकावरून उठणारी हवा इंजिनाला पाण्यात बुडाल्यासारखे करते आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही.

चढ फोटोत आणायचा कसा

१:३७ हा रेल्वेसाठी भयंकर चढ, पण कोनात मोजला तर जेमतेम दीड अंश. कॅमेरा हातात दीड अंश कलला की घाट सपाट झाला. म्हणून पहिला नियम: कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल चालू ठेवा आणि रुळांना समांतर चौकट धरण्याची सवय मोडा. विजेचे खांब उभे असतात, त्यांच्यावरून लेव्हल तपासा. घरी आल्यावर सॉफ्टवेअरचे ‘ऑटो स्ट्रेटन’ बटण दाबू नका. ते रुळांनाच क्षितिज समजून चढ पुसून टाकते.

दुसरे, चौकटीत आडवे काहीतरी घ्या: तलावाचे पाणी, पुलाच्या खांबांतले दगडांचे थर, पठाराची सपाट धार. त्याच्या जोडीला गाडी आली की डोळ्याला फरक कळतो. तिसरे, गाडीचा पुढचा भाग आणि मागचा भाग एकाच चौकटीत बसेल अशी जागा शोधा. वळणाच्या आतल्या बाजूच्या उंचीवरून हे जमते: वरच्या वळणावर इंजिन आणि खालच्या वळणावर अजून चढायच्या असलेल्या वाघिणी. मधला भाग बोगद्यात गडप झाला असेल तर उत्तमच. लांब लेन्सने गाडी समोरून घेतली तर अंतर आवळले जाते आणि वाघिणींची रांग खालून वर उगवल्यासारखी दिसते. तिथे २०० ते ४०० मिलिमीटर कामी येते.

आणि पुढचे इंजिन गेले म्हणून कॅमेरा खाली ठेवू नका. याच क्षणी निम्मे लोक स्क्रीनवर फोटो बघायला लागतात आणि मागून तीन बँकर ढकलत येतात ते त्यांच्या पाठीमागून जातात. बँकर हाच घाटाचा खरा चेहरा. पूर्वी प्रत्येक प्रवासी गाडीलाही ते लागत. आता २०१९ पासून धावणाऱ्या मुंबई–हजरत निजामुद्दीन राजधानीला पुढे-मागे इंजिने असतात, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या शिर्डी व सोलापूरच्या वंदे भारत बँकरशिवाय चढतात. मालगाडीचे मात्र त्यांच्यावाचून अडतेच. जुन्या डीसी विजेच्या जमान्यात घाटात धावणाऱ्या डब्ल्यूसीजी-१ या लांब नाकाच्या इंजिनांना रेल्वेवाले ‘खेकडा’ म्हणत. त्यांचे फोटो हातात असलेली जुनी मंडळी भेटली तर जरूर बघून घ्या, बँकर कसा टिपावा हे त्यातून शिकायला मिळते.

कॅमेऱ्याचे आकडे

चढणारी मालगाडी ताशी २५ किलोमीटरच्या आसपास असते, म्हणजे सेकंदाला सातेक मीटर. तिला थिजवायला १/५०० पुरते, लांबून समोरून तर १/२५० सुद्धा. त्यामुळे आयएसओ कमी ठेवून एफ/८ वापरता येते आणि शेवटच्या वाघिणीपर्यंत बऱ्यापैकी धार राहते. पॅनिंग (गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो) करायचे असेल तर एक्स्प्रेससाठीचा १/६० इथे कामाचा नाही, मागचे डोंगर हलल्यासारखे दिसतच नाहीत. १/१५ पर्यंत खाली या.

हेडलाइट पेटलेले असते आणि कॅमेरा त्याला फसून सगळे काळवंडतो. गाडी येण्याआधीच रुळांवर आणि खडकावर मोजमाप घेऊन एक्स्पोजर मॅन्युअलवर बांधून ठेवा. काळा कातळ, तपकिरी वाघिणी आणि पांढरे आकाश एकाच फोटोत असेल तर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल हवीच. कंटेनरचा रेक रंगीत असतो, त्याला ढगाळ उजेडही चालतो. तेलाच्या टाक्यांवर आकाशाची चमक येते, तिथे पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) फिरवून बघा. मोबाइलवर काढणाऱ्यांनी स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करावे आणि डिजिटल झूमच्या नादी न लागता चौकटीत डोंगर जास्त घ्यावा.

विजेचा खांब इंजिनाच्या तोंडावर आला की फोटो गेला. बर्स्टवर (एका दमात काढलेल्या अनेक फोटोंवर) भरवसा ठेवण्यापेक्षा आधीच्या गाडीवर सराव करून दोन खांबांमधली मोकळी जागा निवडा, फोकस तिथेच बांधा आणि इंजिन तिथे आले की बटण दाबा.

पावसाळा, जीवजंतू आणि पिशवी

जुलै-ऑगस्टचा घाट देखणा असतो आणि त्रासदायकही. धुके दहा मिनिटांत येते-जाते, तेव्हा जागा सोडू नका. एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते. पोहोचण्याच्या पंधरा मिनिटे आधी एसी बंद करून काचा उघडा. पिशवीत सिलिका जेल, दोन-तीन सुती फडकी, साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड. दरड कोसळण्याच्या दिवसांत कड्याखाली उभे राहू नका, आणि अतिवृष्टीचा इशारा असेल तर घरी बसा. गाड्याही बंद असण्याची शक्यता मोठी. गवतात आणि दगडांवर हात टेकण्याआधी बघा, फुरसे याच रंगाचे असते. कड्यांवर आग्यामोहोळ असेल तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा.

तारांमध्ये २५,००० व्होल्ट असतात. उड्डाणपुलावरून किंवा पादचारी पुलावरून सेल्फी स्टिक, छत्री, मोनोपॉड खाली किंवा बाहेर काढू नका. स्पर्श न होताही झटका बसतो. ड्रोनचा विचार सोडून द्या.

या दोन घाटांपलीकडे गोव्याच्या सीमेवरचा कुळे–कॅसल रॉक घाट आहे. चढ तोच, १:३७, आणि मुरगावहून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे कोळशाचे भरलेले रेक चढतात. दूधसागरच्या पुलावरची गाडी सगळ्यांनाच हवी असते, पण रुळांवरून चालत तिथे जायला बंदी आहे आणि परिसर अभयारण्यात येतो. पावसाळा संपल्यावर कुळ्याहून वनखात्याच्या परवानगीच्या जीप धबधब्याच्या पायथ्याशी जातात. तिथून वर बघून काढलेला फोटो नियमातही बसतो आणि पुलाची उंचीही दाखवतो.

घरी आल्यावर त्याच रात्री प्रत्येक फोटोला जागा, तारीख, वेळ, दिशा, पुढच्या इंजिनाचा नंबर आणि शेड (ते ज्या आगाराचे आहे ते), बँकर किती, भरलेली की रिकामी, एवढे लिहून ठेवा. इंजिनाचा नंबर वाचता येईल असा एक साधा फोटो वेगळा काढण्याची सवय त्यासाठीच लावायची. सपाट वाघिणींवर रणगाडे, तोफा किंवा लष्करी ट्रक असलेली गाडी आली, आणि देवळालीसारखी लष्करी ठाणी याच मार्गावर असल्याने ती कधीतरी येतेच, तर कॅमेरा बंद ठेवायचा. चुकून एखादी फ्रेम आली असेल तर ती तिथल्या तिथे पुसून टाका.